आळशी कबुतरं

रविवारी लेस्या कोबीचं एकेक पान
उकळत्या पाण्यातून सोडवते,
शीर तासते, भात-खिमा भरून
तान्ह्याला दुपट्यात बांधावं तशी गुंडाळते.
होलुब्त्सी. म्हणजे कबुतरं, म्हणाली होती.

आज बुधवार. पतपेढीतून यायलाच साडेसात,
वेंगुर्ल्याच्या बाजारात खिमा संपलेला,
आणि जाऊबाई दुपारपासून
मागच्या पडवीत फोन धरून.
आई उचलत नाहीये.

मग मीच.
कोबी उभा-आडवा चिरला,
सकाळचा उकड्या तांदळाचा भात,
मूठभर सोडे, टोमॅटो,
सगळं एकाच कढईत, वर झाकण.
आंबटाला दोन आमसुलं.
विचारणार कोणाला?

नऊला फोन लागला.
पलीकडे तळघर, खोकला,
मग चक्क हसू.
लेस्यानं कढईच दाखवली तिला.
मी ओशाळले. म्हटलं, सांग त्यांना,
गुंडाळत बसायला वेळ नव्हता.

म्हातारी बराच वेळ काहीतरी बोलली.
लेस्या नाक पुसत म्हणाली,
कारखान्याची पाळी संपवून आली की
आईसुद्धा अशीच करायची.
नाव आहे याला. आळशी कबुतरं.

फक्त, ती विचारतेय,
ते काळं काय तरंगतंय?