वाइंडिंग

देगलूर रोडला टायरवाल्याच्या शेजारी
आमचं पत्र्याचं दुकान.
बोर्ड नाही. मोटार जळाली की
उदगिरातला माणूस आधी लाइटवाल्याला शिवी देतो
आणि मग शिवकांतामामीकडं येतो.

सासूबाई माझ्या.
भावाच्या दुकानात फ्रॉक घालून बसायच्या,
त्याचं मोजणं चुकायचं म्हणून
वेढे त्या मोजायच्या : बेचाळीस, त्रेचाळीस.
लग्नात भावानं साडी दिली.
हात त्या कुणाला न सांगताच घेऊन आल्या.

पुढं भिशी उचलून बिदरहून
वेढे घालायचं जुनं मशीन आणलं, एसटीच्या टपावरून.
आठ दिवस सासरे बोलले नाहीत.
नवव्या दिवशी त्यांनी गिऱ्हाइकाला चहा ठेवला.
अजून तेच ठेवतात. हिशोबही त्यांच्याकडंच.

बँकेत साहेब म्हणाला, मालक कुठंयत?
"ते मोटार उतरवायलेत. काय असंल ते मला सांगा."
फॉर्मवर रकाना होता : मालक.
मालकीण लिहावं तर मालकाची बायको होते,
मालक लिहावं तर मिशा येतात.
मामींनी नुसती सही केली,
रकान्याच्या बाहेर जाईल एवढी.

मी आले ती बी.ए. होऊन.
वार्निशच्या वासानं मळमळायचं,
आख्ख्या गल्लीला वाटलं गोड बातमी.
पहिलीच मोटार भरली, कॉइल उलटी जोडली.
धूर.
हंडरगुळीचा माणूस समोरच उभा, ऊस वाळायलाय म्हणत.
मला त्या काहीच बोलल्या नाहीत. त्याला म्हणाल्या,
"तार आमची गेली. पाणी तुमचं उद्या."

रात्री लाइट आली अडीचला.
मामींना आता सुईत दोरा ओवता येत नाही,
पण खाटेवर पडून हँडलचा खटका ऐकतात.
मी छप्पन्नवर थांबले
तर डोळे मिटूनच म्हणाल्या, "आणखी दोन."

सकाळी मोटार घुमली,
आधी कुरकुरत, मग एका सुरात.
माणूस पैसे मामींना द्यायला गेला,
त्यांनी हात पदराखाली घेतले.
"तिच्याकडं द्या."

मी मोजले.
पन्नास कमी होते.
मागितले.