मुखपृष्ठावरचा माड

माझ्या पुस्तकात माड नाही.
देवगडच्या बंदरावरचा बर्फाचा कारखाना आहे,
रात्रपाळी, डोळ्यांत जाणारा अमोनियाचा वास,
कॅनमधून सुटताना लादीचा तो एक आवाज,
ज्याच्यासाठी तीन वर्षं शब्द शोधला
आणि शेवटी नुसतं 'आवाज' लिहिलं.

पार्सल फोडलं, तर वर सूर्यास्त.
नारिंगी. त्यात वाकलेला माड,
माडाखाली होडी, होडीत कोणी नाही.
माझं नाव खाली वाळूत,
काठीने ओढल्यासारखं.
आता लाट येईल.

साताऱ्याहून ऋजुताचा फोन आला. चित्र तिचं.
काका, आधी मी लादीच काढली होती,
निळसर, आत गोठलेला एक बांगडा.
प्रकाशक म्हणाले, थंड वाटतं,
हात जाणार नाही कुणाचा.
तिने ते पाठवलं. फोनमध्ये आहे.
मधूनच उघडून बघतो,
मोडलेल्या सोयरिकीतली मुलगी
बाजारात दिसावी तसा.

पण हात गेले, खोटं कशाला बोलू.
आंब्याच्या दिवसांत स्टँडसमोर
कोकमच्या बाटल्यांशेजारी
अठ्ठावन्न प्रती खपल्या.
एका बाईंनी पेटीवर ठेवून फोटो काढला,
पुस्तक तिथेच विसरल्या.
आणि नागपूरहून एक कार्ड:
'समुद्र येईल म्हणून वाचत राहिलो.
आला नाही.
पण कंप्रेसर बंद पडला त्या रात्री
मीही झोपलो नाही.'

क्रशरवरच्या दाजी खवळ्याने
पुस्तक उलटंपालटं केलं.
"माड खंय आसा रे ह्येच्यात?"
नाय, म्हटलं.
"मगे माका कित्याक नाय काढल्यान?
मी थंयच होतंय मरे."

जामसंड्याच्या वाचनालयात
तिर्लोटकर बाईंनी खाकी पुठ्ठा चढवला.
सूर्य गेला, माड गेला, मीही गेलो.
वर शाईने चार हजार चारशे सतरा.
मागच्या चिठ्ठीवर अकरा तारखा,
त्यातल्या दोन एकाच हाताच्या.
मी त्या दोनच पुन्हा पुन्हा वाचल्या.

आता दुसरं लिहितोय. बंदरावरचंच.
काल मागचं वाचून काढलं, तर
चाळिसाव्या पानावर, कारखान्यामागे,
जिथे डिझेलच्या टाकीशिवाय काही नाही,
तिथे एक माड.
मी लावलेला नाही.
खोडायला पेन टेकवलं
आणि वर बघितलं,
शहाळी धरली होती.