सत्तावीस क

यादी आली रात्री साडेदहाला, मोबाइलवर,
कुणीतरी घाईत काढलेला कागदाचा तिरका फोटो.
दोहा ते हैदराबाद.
सत्तावीस क : संगमेश्वर हालगे, मुक्काम हाळी, तालुका उदगीर.
पुढच्या दोन रांगा, मागच्या दोन,
आणि निम्म्यांचे नंबर बंद.

मी विमानात कधी बसलो नाही.
सत्तावीस क खिडकीशी असतं की वाटेवर,
हे फॉर्म भरताना त्यालाच विचारलं.
"कडंचं, साहेब. वाटेवरचं."
अंगभर पुरळ, डोळे तांबडे, तोंड चादरीआड.
"शेजारची बाई झोपली होती. मांडीवर लेकरू होतं."
लेकरू या शब्दाभोवती मी लाल पेनानं गोल केला.

गोवराला उगवायला दहा-बारा दिवस लागतात,
विमानाला चार तास.
हैदराबादला कपाळासमोर यंत्र धरलं,
आकडा आला सत्त्याण्णव पॉइंट आठ. जा म्हणाले.
खोटं कुणीच बोललं नाही,
ना यंत्र, ना माणूस.

वडील सांगायचे, पटकी आली की
मरीआईचा गाडा करायचे, हातभर, लाकडी,
लिंबू, हळदकुंकू, हिरवी चोळी,
अन् रात्रीतून ओढत नेऊन शिवेपल्याड सोडायचे.
त्या गावची माणसं सकाळी उठून
तो पुढच्या शिवेवर ढकलायची.
मी हसायचो. बारावी सायन्स झालेलो ना.
आता वाटतं,
त्या गाड्याची चाकं निदान वाजायची.
काहीतरी येतंय, हे कुत्र्यांना तरी कळायचं.

हंडरगुळीच्या बाजारात बैल घेताना
आपण त्याचं तोंड उघडून बघतो,
लाळ गळते का, खुरात जखम आहे का.
बिदरहून आलेल्या एसटीतून
ब्लँकेट, अत्तर अन् चॉकलेटचे डबे घेऊन
उतरणाऱ्या भावाचं तोंड
कोणती बहीण उघडून बघंल?

ओवी. वय आठ महिने अकरा दिवस.
गोवराची लस नऊ महिने भरल्यावर.
कार्डावर तारीख माझ्याच अक्षरात आहे.
एकोणीस दिवस राहिले होते,
दोन आठवडी बाजार अन् वर पाच दिवस.

"दोन वर्षांनी आलो, साहेब,
भाची पहिल्यांदाच बघितली.
उचलणार नाही तर काय, लांबून हात हलवू?
तिकडं खोलीत आम्ही सोळा जण.
वरच्या खाटेवरचा पोरगा आठवडाभर खोकत होता,
कामावर जातच होता. सुट्टी घेतली की पगार कापतात."

गावात तोवर ठरलं होतं, रोग संगमेशनं आणला.
दूधवाला भांडं उंबऱ्याच्या बाहेरच ठेवायचा.
ओवीला उदगीरच्या दवाखान्यात नेलं,
सहाव्या दिवशी ताप उतरला.
खोकला आहे अजून. वजन दीड पाव घटलं.

सत्तावीस ब चा फोन लागला चौथ्या दिवशी,
करीमनगरला. निम्मी तेलुगू, निम्मी हिंदी.
"कालच एक मॅडम येऊन गेल्या," ती म्हणाली,
"त्यांनीही हेच विचारलं, शेजारी कोण होतं.
लेकराला टोचलेलं आहे, दोन्ही वेळा."
मी यादीत खूण केली. ठेवणार, तेवढ्यात
ती म्हणाली, "आणि तो माणूस? बरा आहे का तो?"

आठ दिवसांत हा प्रश्न
मला हाळीत कुणी विचारला नव्हता.
मीही विचारला नव्हता, खरं सांगायचं तर.
माझ्या फॉर्मवर तो नाही.

संध्याकाळी गेलो.
मागच्या पत्र्याच्या खोलीत बसला होता, दार लोटून.
म्हटलं, सत्तावीस ब विचारत होती तुला.
त्यानं चादर हनुवटीपर्यंत खाली घेतली.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "त्या लेकरानं माझं बोट धरलं होतं,
उतरेपर्यंत सोडलंच नाही."

मी लिहून घेतलं.
रकाना नव्हता त्याला,
समासात लिहिलं.