कोरी बाटली

सकाळी प्रयोगशाळेतून निघताना
मी एक बाटली जास्तीची घेते, शुद्ध पाण्याची.
ती कुणाच्याच विहिरीची नसते.
दिवसभर माझ्यासोबत फिरते बर्फाच्या पेटीत.
एकदा उघडायची, हवा लागू द्यायची, झाकायची.
तिच्यात काही सापडलं तर दोष माझा:
हाताचा, गाडीचा, झाकणाचा.
दुसऱ्यांच्या पाण्यावर बोट ठेवायला निघालेल्या बाईनं
आधी स्वतःला तपासून घ्यायचं,
असा आमचा नियम.

ओर्व्हल ह्रुस्काच्या आवारात अजून बर्फाचे डाग आहेत.
विस्कॉन्सिनमधला मार्च संपत आलाय.
शेतात शेणखत पसरायची बंदी कालच उठली,
वारा घरोघर बातमी देत फिरतोय.

"पाच मिनिटं वाहू द्या," मी म्हणते.
तो घड्याळ बघतो, मी नळ बघते,
मांजर आम्हा दोघांना.
पाणी काचेसारखं. वास नाही, रंग नाही,
आणि चव म्हणे अख्ख्या काउंटीत अशी नाही.
बापानं एकावन्न साली खोदलेली विहीर,
दोनशे दहा फूट, चुनखडीच्या पोटात.
"मी आणि ती एका वयाचे.
एकाहत्तर वर्षं पितोय. मेलो का?"

मी बाटली खांद्यापर्यंत भरते.
झाकणाच्या आत बोट लागू देत नाही.

मागच्या खेपेचा आकडा फ्रिजला चिकटवलाय,
नातवाच्या हॉकी संघाशेजारी.
चौदा पूर्णांक सहा.
दहाच्या वर तान्ह्या बाळाला देऊ नये, असं खाली छापलंय.
सुनेनं तेव्हा पाणी उकळलं, दुप्पट वेळ.
तिला कुणी सांगितलंच नव्हतं
की नायट्रेट उकळून जात नाही.
पाणी आटतं, ते मागे राहतं,
दाट होत जातं,
घरातल्या अबोल्यासारखं.

"त्या डेअरीवाल्यांचं काम."
ओर्व्हल खिडकीकडे हनुवटी करतो.
चार हजार गायी. खोटं नाही.
त्याचा धाकटा तिथेच रात्रपाळीला असतो, तेही खोटं नाही.

म्हणून हिरव्या रंगाचं सांगायला मी आठवडाभर कचरले.

ऑक्टोबरात आम्ही त्याच्याच शेतातल्या खड्ड्यात
दोन किलो रंग ओतला होता.
डेअरी पकडली जाईल म्हणून सही त्यानंच दिली होती.
जिथे ट्रॅक्टर वळवून घ्यावा लागतो, तो खड्डा.
बापानं तिथे गंजके डबे टाकले, मेलेली वासरं टाकली,
यानं तणनाशकाची पिंपं धुतली.
चौथ्या दिवशी मार्लिस डेल्वोचा फोन आला,
दीड मैलावरून.
"माझ्या नळाला पालवी फुटलीय," म्हणाली.
हसली नाही.

वर हद्दी आहेत, खाली नुसत्या फटी.
एवढंच बोलले मी. नकाशा टेबलावर ठेवला.

नळ अजून वाहत होता.
त्यानं तो बंद केला, मग पुन्हा सोडला,
किटली भरली,
दोन कप काढले.
एका कपानं धडधाकट माणसाला काही होत नाही,
हे मला ठाऊक आहे.
तरी पहिला घोट घेताना
जिभेनं काहीतरी शोधलंच.
कॉफी चांगली होती. खरंच चांगली होती.

बराच वेळ त्यानं पेटीत बघितलं.
"ही कुणाची?"
"कुणाचीच नाही."
"हं."
मग, कप विसळत, माझ्याकडे पाठ करून:
"मार्लिसच्या तपासणीचे पैसे मी भरले तर?
तिला सांगायचं नाही."

फॉर्मवर तसा रकाना नाही.
मी समासात लिहून घेतलं.

बाहेर त्याच्या पायरीवर बसून
मी कोरी बाटली उघडली.
वारा शेताकडून येत होता.
साठपर्यंत मोजायचं असतं,
मी थोडं जास्तच मोजलं.