गप

साखरतरच्या पुलाखाली, ओहोटीला,
खडपाच्या खळग्यात थोडं पाणी उरतं.
त्यात ते बसलेले असतात,
ज्वालामुखीच्या पिल्लांसारखे, पांढरट, दाटीवाटीने.
आमच्याकडे त्यांना धड नाव नाही.
होडीचं बूड खरवडताना शिव्या घालत काढतात, ते.
पुस्तकात बार्नॅकल.
डोकं खडकाला डकवून
जन्मभर पायांनी जेवणारा जीव.

मी वाकले. सावली पाण्यावर पडली,
आणि अख्ख्या खळग्याने दारं लावून घेतली.

त्यांना मी दिसले नव्हते.
कवचाआड तीन ठिपके, तेवढेच डोळे;
त्यांत चित्र उमटत नाही,
ना बाई, ना बादली, ना पुलावरून जाणारी एसटी.
उजेड आहे.
उजेड कमी झाला.
बस.

प्रयोगशाळेत तीन वर्षं मी या एवढ्याशा गोष्टीपाशी बसले.
उजेडात डोळ्याची पेशी सांडत असते,
थेंब म्हणवणार नाही इतकं थोडं हिस्टामिन,
मधल्या फटीत, पलीकडच्या पेशीवर,
झोळीतल्या पोराला थोपटावं तसं:
गप. गप. गप.
मग सावली येते. थोपटणारा हात थांबतो.
पलीकडची दचकून उठते,
पाय आत, झडप बंद.

कुणी काही कळवलेलं नसतं.
कळवणं थांबलं, एवढंच.

हेच ते हिस्टामिन, उन्हात राहिलेल्या बांगड्यातलं.
मे महिन्यात बर्फाची गाडी आली नाही;
रियाझने सकाळचा बांगडा दुपारी तळला
आणि आम्हा पाच जणांच्या अंगावर गांधी उठल्या,
मानेपासून कोपरापर्यंत, लालभडक.
गोळ्या घेतल्या. खाजवत खाजवत
मी वहीत लिहिलं:
आज पदार्थ गप म्हणत नाहीये.
ती नोंद नंतर सरांनी खोडली.

पुलापलीकडे जैतूनबी वस्ता राहते.
नवरा आणि थोरला ट्रॉलरवर.
तिच्या उशाशी वायरलेस रात्रभर खरखरतो:
कुणाचं जाळं अडकलं, कुणाला माकूल लागली,
कुणी कुणाच्या मेव्हण्याचा उद्धार करतंय.
त्या कालव्यात ती घोरते.
झोप कशी लागते, मी विचारलं होतं.
"ह्येच्यामुलंच तर लागतं," म्हणाली.

नोव्हेंबरात वारा फिरला त्या रात्री
मी तिच्याकडेच होते, नमुन्यांची बादली पडवीत ठेवून.
अडीचला जागी झाले तेव्हा
ती दारात उभी, पदर डोक्यावर, चूल पेटलेली.
हाक कुणी मारली नव्हती.
वायरलेस गप होता.

बॅटरी उतरली होती, सकाळी कळलं.
होड्या आल्या. थोरल्याने बॅटरी बदलली, हसला.
जैतूनबी हसली नाही;
दुपारपर्यंत कोळंबी सोलत राहिली
आणि मध्येच थांबून
वायरलेसचा आवाज थोडा वाढवी.

खळग्यापासून मी दोन पावलं मागे सरले.
ऊन परत पाण्यावर आलं.
घड्याळ लावलं, सवयच ती.
चाळिसाव्या सेकंदाला काठावरच्या एकाने
पायांची पिसं बाहेर काढली, पाणी चाळलं.
मग त्याच्या शेजारचा. मग बरेच.
मधला एक अजून बंद आहे.
भरती लागली तरी मी त्याच्यासाठी थांबलेय.