बदली

वडील वायरमन होते.
अहमदपूर, किनवट, भोकरदन, सेलू.
दर अडीच-तीन वर्षांनी एक कागद यायचा
आणि खाटेखालची पत्र्याची पेटी अंगणात यायची.
माझा दाखला मागून येणार असायचा.
किनवटची शाळा म्हणाली, पोस्टानं पाठवलाय.
भोकरदनची शाळा म्हणाली, आम्हाला मिळाला नाही.
ते अख्खं वर्ष मी सातवीत बसले
पण हजेरीत नव्हते.
बाई नावं घेत घेत माझ्या शेजारच्या पोरीपर्यंत यायच्या
आणि वही मिटायच्या.

दहावी कशीबशी. बारावी फार नंतर,
सतरा नंबरचा फॉर्म भरून,
तेव्हा माझा पोरगा स्वतः नववीत होता.
आता सेलूच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आहे.
भरलेली गाडी, मग रिकामी गाडी,
वजा केलं की उरतो तो कापूस.
हंगामात रात्री अकरापर्यंत ट्रॅक्टर.
दोन ट्रॅक्टरच्या मधे
सतरा मिनिटांचं एक व्याख्यान मावतं.

फोनच्या चार्जिंगच्या भोकात सरकी-कापसाचे तंतू बसतात,
ते टाचणीनं काढायचे, मग तर्कशास्त्र.
मग राज्यघटना, मग जुनं मराठी गद्य,
मग एक विषय, नुसता चित्रं कशी पाहायची याचा.
शिकवणाऱ्या बाईंच्या मागे पुस्तकांचं कपाट.
दोन वर्षांत मी त्यांचे पाय पाहिले नाहीत.
त्यांनी तर मला कुठून पाहायचं.

महेबूबभाई गाडी काट्यावर लावून विचारतात,
काय ऐकायलीस बाई, कीर्तन का?
तर्कशास्त्र, म्हटलं.
म्हंजे?
म्हंजे, कापूस ओला असला तर वजन जास्त भरतं.
पण वजन जास्त भरलं म्हणून
कापूस ओलाच, असं नाही.
ते खूप वेळ हसले.
मग खाली उतरून
आपल्याच गाडीतला कापूस मुठीत दाबून बघितला.

मदतकेंद्राचा मुलगा मला ‘प्रयाग सर’ म्हणतो.
पहिल्यांदा दुरुस्त केलं.
दुसऱ्यांदा सोडून दिलं.
तिसऱ्यांदा वाटलं, असू दे,
सर म्हणून कुणी एकदा तरी हाक मारली.

त्यानंच समजावलं ते क्रेडिटचं.
मला क्रेडिट म्हणजे उधारी माहीत,
किराणा दुकानाच्या लाल वहीतली,
नावापुढे लिहितात ती.
इथं उलटं. जे शिकलं ते जमा.
दोन वर्षांचे चौऱ्याऐंशी.
इथं थांबलात तर पदविका,
पुढं जायचं असेल तर हे सगळं घेऊन
दुसऱ्या विद्यापीठात, सर,
तुम्ही म्हणाल तिथं.
हरवत नाही?
नाही सर.
पोस्टानं जात नाही?
तो हसला नाही. म्हणाला, नाही सर.

मुनीमजींना यातून पगारवाढ दिसत नाही.
मलाही दिसत नाही.
शेवटचा निबंध रात्री बारा वाजायला चार मिनिटं असताना गेला,
केबिनच्या पायरीवर उभं राहून,
रेंज तिथंच येते.
त्यात एक वाक्य चुकलंय, मला माहितीय.

परवा औरंगाबादच्या एका कॉलेजानं
माझे चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी घेतले.
तिसऱ्या वर्षाला बसता येईल, घरूनच.
संध्याकाळी वडिलांना सांगितलं.
हल्ली त्यांना एका कानानं ऐकू येतं
आणि त्यातलं त्यांना हवं तेवढं.
क्रेडिट त्यांना कळलं नाही.
म्हटलं, अप्पा, बदली झाली.

ते उठून बसले.
उजवा हात सवयीनं खाटेखाली गेला,
जिथं आता पेटी नाही,
चपला आहेत, आणि पाण्याचा तांब्या.
कुठं?
इथंच, म्हटलं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
खांबावर चढण्याआधी तारेकडे बघायचे तसं.
आणि सामान किती?