एक आकडा

शंभर कार्डं छापून घेतली होती मी, मारुती चौकातल्या प्रेसमधून.
आफरीन शिकलगार, वेबसाईट डिझाईन.
त्यातलं एक परवा किराणावाल्याच्या गल्ल्यापाशी दिसलं,
पाठीवर कुणाची तरी उधारी लिहिलेली:
गूळ, जिरं, काडेपेटी, बाकी त्रेसष्ट.

गणपती पेठेत, पोती उतरून उतरून पिवळ्या पडलेल्या बोळात
भूपाल मगदुमांचं दुकान. काटे दुरुस्ती.
मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा ते
सराफी तराजूवरची धूळ मोरपिसानं झाडत होते.
"बस. श्वास जरा तिकडं सोड."

मग म्हणाले, शिकलगारांची ना तू?
तुझा आजा धार लावायचा आमच्या कात्र्यांना.
त्याला कधी पाटी लागली नाही.

मी म्हटलं, ही पाटीच आहे काका,
फक्त सांगलीबाहेरूनही दिसणारी.
"रात्री पण?"
रात्री पण.
"मग लाईट बिल कुणाचं?"

घरून आठ हजार पाठ करून निघाले होते.
रिक्षात पण म्हणून बघितलं होतं, हळू.
तोंडातून आलं: सहा... म्हणजे, साडेचार पण चालेल.
त्यांनी काही न बोलता पारड्यात किलोचं माप ठेवलं,
पारडं टेकलं, लगेच उचललं.
"गिऱ्हाईकानं अजून माल टाकला नाही
आणि तू आपलं वजन काढून घेतलंस."
सहावर ठरलं.
विसार म्हणून तीन हजार, दहा-वीसच्या नोटांत,
आणि वर मलाच पावती करायला लावली.

अम्मीच्या शिलाई मशीनच्या फळीवर लॅपटॉप.
तिनं पायडल मारलं की पडद्यावरचं दुकान हलायचं.
मगदुमांना रंग पाहिजे होता मापांचा.
हळदीचा नको, ती पेठेत रोज बघतोय. पितळेचा.
अकरा पिवळे झाले.
बाराव्याला त्यांनी मोबाईल हातभर लांब धरला
आणि म्हणाले, हां, हा जड वाटतोय.

मग नऊ दिवस काहीच नाही.
पेठेतून जाताना मी त्यांच्या बाजूनं चालणं सोडलं.

दहाव्या दिवशी फोन आला तो मला, कवठेमहांकाळहून.
"माझा नंबर काट्याच्या दुकानाला कुणी दिलाय गं?
सकाळधरनं तिसरा हाय ह्यो!
विट्याचा सराफ, जतचा डाळिंबवाला,
आणि एकजण तर म्हणतोय, बाई, काट्याची सुई अडकलीया.
मी काय करू त्याच्या सुईला?"

उघडून बघितलं.
शेवटी नऊ हवा होता, मी सहा टाकलेला.
एवढ्या पितळेत तेवढा एकच आकडा उलटा.
खाली बारीक अक्षरात माझं नाव, माझा नंबर:
तो मात्र बिनचूक.

माफ करा म्हटलं. दोनदा, तीनदा.
लगेच बदलते म्हटलं.
पलीकडं कुकरची शिट्टी झाली.
"थांब, थांब. बदलू नको एवढ्यात.
म्हणजे माणसं खरंच फोन करत्यात व्हय ह्याच्यावरनं?"

तिचं नाव अक्काताई कोळेकर.
गव्हाच्या शेवया, हातानं वळलेल्या, केसासारख्या.
बायका चार, पाट सहा, उन्हाळाभर वाळवण,
आणि गिऱ्हाईक फक्त गल्लीतलं आणि जावेच्या माहेरचं.
"किती घेतीस?"

आठ हजार, मी म्हटलं.
आणि गप्प बसले.
इतकी गप्प की अम्मीनं पायडल थांबवून बघितलं.
तिकडून दुसरी शिट्टी. तिसरी.
"विसार किती पाठवू?"

नंबर आधी दुरुस्त केला, मगच पेठेत गेले.
सगळं सांगितलं मगदुमांना, सहा-नऊचं सुद्धा.
ते चिडले नाहीत, हसलेही नाहीत.
"तीन फोन? कुठनं कुठनं?"

ड्रॉवर उघडला.
छटाकाच्या मापाखाली दाबून ठेवलेलं
माझं पहिल्या दिवशीचं कार्ड काढलं,
उलटं केलं,
आणि पेन्सिल जिभेला लावून लिहायला लागले:
विटा. जत.
"आणि तो सुईवाला? तो कुठला म्हणालीस?"